दहापैकी चार

सोमवार, ४

आज हिला सेंटरमध्ये आणलं. मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर निघताना म्हणाले, "बरं करायचं औषध आता आमच्याकडे नाही, पण आराम द्यायचं आहे, ते तिथे नीट मिळेल." लेकीने फोनवर तेच तीनदा समजावून सांगितलं. मी हूं हूं करत ऐकून घेतलं. कळलं नाही असं नाही, पण कळून घ्यायची घाईही नव्हती.

खोली नंबर पाच. पलंग एकच, शेजारी माझ्यासाठी आरामखुर्ची. न्हाणीघराला उंबरठा नाही, त्यामुळे चाकाची खुर्ची सरळ आत जाते. खिडकी इतकी खाली की हिला पडल्यापडल्या झाड दिसतं. ज्याने ती काढली, त्याने आधी पलंगावर झोपून बघितलं असणार. अशी माणसं जगात आहेत याचं बरं वाटलं.

सिस्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" ही म्हणाली, "ताई म्हणा. मी घरात शेंडेफळ, मला जन्मात कुणी ताई म्हटलं नाही." सिस्टर हसल्या आणि तिथल्या तिथे कागदावर लिहूनही टाकलं. मग दुसरा प्रश्न, "अंघोळ सकाळी आवडते की दुपारी?" तीन महिन्यांत हिच्या नसा, हिचं रक्त, हिची हाडं सगळं तपासून झालं, पण हिला काही आवडतं का हे कुणी विचारलं नव्हतं. मला एकदम भरून आलं. भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे का ते मी बघत राहिलो.

फॉर्मबरोबर एक पुस्तिका दिली, 'सेवेची मानके', चाळीस पानं. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो. मानक हा शब्द दिसला की म्हाताऱ्या घोड्याने जुनी वाट ओळखावी तसं माझं होतं. सगळी वाचून काढली. आता रोज लिहायचं ठरवलं आहे, म्हणजे पुढे कुणी काही म्हणालं तर नोंद असावी.

मंगळवार, ५

पान सहा: घंटा वाजवल्यापासून तीन मिनिटांत कुणीतरी आलं पाहिजे. दुपारी ही झोपलेली असताना घंटा दाबली आणि घड्याळ लावलं. एक मिनिट चाळीस सेकंदांत सिस्टर धावत आल्या. "काय झालं काका?" मी म्हणालो, "काही नाही, तपासत होतो. पास." त्यांनी कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आभारी आहे. आता पुन्हा नापास करायला येऊ नका."

वजनाचा काटा मात्र तीनशे ग्रॅम जास्त दाखवतो. लेखी कळवलं.

एक गोष्ट खटकली. सकाळी आठला आणि दुपारी चारला सिस्टर येतात आणि मला म्हणतात, "काका, पाच मिनिटं बाहेर." आत हिला विचारतात, दुखणं दहापैकी किती? पान अकरावर तसंच लिहिलं आहे, दुखण्याची विचारणा रुग्ण एकटा असताना करावी. चाळीस वर्षांचा संसार, आणि मी बाहेर चपलांच्या रॅकशेजारी उभा! हिच्या दुखण्याबद्दल मला कळू नये असं काय आहे?

म्हणून नऊला आणि पाचला मीही विचारायला लागलो आहे. आजचा आकडा: सकाळ ४, संध्याकाळ ४.

गुरुवार, ७

सकाळ ४, संध्याकाळ ४. काल तेच. स्थिर आहे. लेकीला फोनवर सांगितलं, "आईला इथलं औषध लागू पडलं." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तिच्याजवळ बसता ना? नुसतं बसता ना?" मी म्हणालो, "बसतो म्हणजे काय, सगळीकडे माझं लक्ष आहे." मुलांना लांबून काळजी वाटते.

मावशी, म्हणजे ज्या अंघोळ घालतात त्या, हिचे केस इतके हळू विंचरतात की बघत राहावं. आईने मुलीचे विंचरावे तसे. मी त्यांना तसं सांगितलं. त्या लाजून म्हणाल्या, "त्यात काय, हात तेच काम करतात." यांचे आभार कुठल्या फॉर्ममध्ये लिहायचे ते शोधलं. तसा रकाना नाही.

शनिवार, ९

आज माझं डोकं फिरलं आहे.

सिस्टर फाइल खुर्चीवर विसरल्या. मी वाचायला नको होती, पण वाचली. सोमवार ८. मंगळवार ८, ७. बुधवार ७, ८. गुरुवार ७. खाली रोज मॉर्फीन थोडं थोडं वाढवलेलं. माझ्या वहीत त्याच दिवशी, त्याच माणसाचे, तासाभराच्या अंतराने चार, चार, चार!

मी आयुष्यभर खोटे आकडे पकडले. आकडा फुगवण्यामागे कुणाचा तरी फायदा असतो. इथे कुणाचा? औषध वाढवलं की रुग्ण झोपून राहतो, झोपलेला रुग्ण घंटा वाजवत नाही. दुसरं काय असणार? हिला गुंगीत ठेवतील आणि मी खुर्चीत बसून हिच्या पापण्या मोजत राहीन.

लेखी तक्रार दिली. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी मांडले. सिस्टरांनीच कागद घेतला, स्वतःविरुद्धचा, पोच दिली, तारीख घातली. "तीन दिवसांत डॉक्टर तुम्हाला समोर बसवून उत्तर देतील," म्हणाल्या. आवाज चढला नाही त्यांचा. त्याचाही मला रागच आला.

रविवार, १०

हिला तक्रारीबद्दल सांगितलं. वाटलं होतं, म्हणेल बरं केलंत. ती म्हणाली, "सिस्टरांची नोकरी जाईल का हो?"

"चौकशी होईल. खोटं लिहिलं असेल तर जायलाच हवी."

बराच वेळ झाडाकडे बघत होती. मग पाणी मागितलं.

सकाळ ४, संध्याकाळ ४.

सोमवार, ११

तक्रारीचा परिणाम एका दिवसात! ही स्वतःच म्हणाली, "आज मी सिस्टरांनाही चारच सांगितलं. डॉक्टर औषध वाढवायला आल्या होत्या, त्यांना नको म्हटलं. जुळलं ना आता तुमचं?"

"माझं काय जुळायचंय, खरं ते खरं," मी म्हणालो. मनातून मात्र छाती फुगली.

केस विंचरायला आज नको म्हणाली. कंटाळा आला असेल.

मंगळवार, १२

आज हिने मला चार वेळा बाहेर पिटाळलं. आधी म्हणे संत्री आणा. आणली, तर खाल्ली नाहीत. मग म्हणे चष्म्याचा स्क्रू बसवून आणा. मग "जरा फिरून या, पाय आखडतील तुमचे." मग पुन्हा संत्री. मी म्हणालो, "अगं, सकाळची तशीच आहेत." ती म्हणाली, "ही आंबट आहेत." न खाता कसं कळलं तिलाच ठाऊक. पण माझी काळजी करते अजून, हे बघून बरं वाटलं.

पलंगाचा कठडा घट्ट धरून ठेवते. पडायची भीती वाटत असेल.

आणि एक गंभीर बाब. हिच्या उशाशी जो हातरुमाल असतो, त्याची कड कुरतडलेली आहे. उंदीर! पान तेवीस, स्वच्छता. मावशींना दाखवलं. त्यांनी रुमाल हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून निघून गेल्या. आपल्या कामातली चूक दाखवली की माणसाला लागतंच. तरी मी उंदराबद्दल लेखी दिलंच.

बुधवार, १३

हे नीट लिहायला हवं.

सकाळी अकराला डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खोलीत बोलावलं. आमच्या लेकीएवढ्या असतील. शेजारी सिस्टर. टेबलावर माझी तक्रार, आणि उंदराचीही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, रुग्ण एकट्याने आम्हाला जे सांगतो, ते त्याच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगता येत नाही. तुम्ही वाचलं असेलच."

"पान बारा," मी म्हणालो.

"मग मी काही सांगत नाही, फक्त विचारते. तुमची वही बघू?"

मी अभिमानाने दिली. त्यांनी एकेक पान उलटलं. "रोज दोनदा. सगळे चार."

"स्थिर आहे," मी म्हणालो.

"तुम्ही नोकरीत असताना एखाद्या दुकानात गेलात. काट्यावर एक किलो ठेवला, काटा चारवर. पाच किलो ठेवला, चारवर. सगळं उचललं, तरी चारवर. तर शेऱ्यात काय लिहायचात?"

"काटा अडकलाय," मी म्हणालो. एकतीस वर्षांची सवय, विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं.

सिस्टर टेबलाकडे बघत होत्या. मला एकेक दिसायला लागलं. संत्री. कठडा. चष्म्याचा स्क्रू. आणि तो रुमाल. मी उठलो, 'येतो' म्हणायचंही राहिलं.

खोलीत ही भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला बघून तोंडातून रुमाल काढला आणि उशीखाली सारला. मी खुर्ची पलंगाला चिकटवून बसलो.

"उंदीर नाही ना तो?" मी विचारलं.

तिने उशी आणखी खाली दाबली.

"किती?"

"चार."

"काटा मारू नकोस. माझ्यासमोर तरी नको."

तिने माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग तोंड वाकडं झालं तिचं, लहान मुलीचं होतं तसं. "आठ," म्हणाली. "परवापासून नऊ."

एरवी आठ ऐकल्यावर मी उठलो असतो. कुणाला तरी बोलवायला, काहीतरी आणायला. पाय तसे हललेही. पण बसून राहिलो आणि तिचा हात धरला.

"मला का नाही सांगितलंस?"

"घरी एकदा सांगितलं होतं नऊ. आठवतंय? तुम्ही अनवाणी रस्त्यावर पळालात गाडी बघायला. परत आलात तर ओठ पांढरे. दोन दिवस जेवला नाहीत. तेव्हाच ठरवलं, ह्या माणसाला चारच्या वर झेपत नाही." जरा थांबून म्हणाली, "तुमचा चेहरा बघून माझं एकाने वाढतं हो. मग त्यापेक्षा चार बरं."

"आणि सिस्टरांना का चार सांगितलंस?"

"त्यांची नोकरी जात होती ना."

मी तोंडावर आपटलो, असं लिहिलं तरी ते कमीच आहे. माझ्या कागदामुळे ही अडीच दिवस रुमाल चावत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ती म्हणाली, "बघा, म्हणून सांगत नव्हते," आणि स्वतःही रडली. मग म्हणाली, "आता ती घंटा दाबा. तपासायला नको, खरंच दाबा."

सिस्टर आल्या. मी नेहमीसारखा बाहेर निघालो. ही म्हणाली, "जाऊ नका. आज तुमच्यासमोरच सांगते." आणि तिने नऊ सांगितलं. सिस्टरांनी पहिल्यांदा तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मग माझ्या खांद्यावर. जादा डोस पाच मिनिटांत आला. मी घड्याळ बघितलं नव्हतं, सिस्टरांनी कागदावर लिहिलं म्हणून कळलं.

शुक्रवार, १५

सकाळ ३. संध्याकाळ २. खरे.

औषध वाढलं तर ही झोपून राहील, हे माझं भय अगदी उलटं ठरलं. दुखत होतं म्हणूनच डोळे मिटून पडत होती. आता जागी असते, बोलते. काल अर्धं संत्रं खाल्लं आणि म्हणाली, "खरंच आंबट आहेत."

तक्रार मागे घ्यायला गेलो. म्हटलं, फाडून टाकतो. सिस्टर म्हणाल्या, "फाडता येत नाही काका, फाइलला लागलेला कागद आहे. पान एकतीस." मला माझ्याच औषधाचा डोस मिळाला. मग त्याच कागदाखाली लिहिलं, 'माझी चूक झाली. मी क्षमा मागतो. सिस्टरांनी लिहिलेला प्रत्येक आकडा खरा होता.' सही केली. सिस्टरांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "तुम्ही ताईंसाठीच भांडत होता. ज्यांच्यासाठी कुणीच भांडत नाही, असेही पेशंट येतात इथे." मला या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी पडू दिलं नसतं.

उंदराच्या कागदाखाली काय लिहावं ते सुचलं नाही. मावशी म्हणाल्या, "राहू द्या, सापडला लिहा."

मंगळवार, १९

खरं बोलायची हिला चटकच लागली आहे! चाळीस वर्षांचं तुंबलेलं बाहेर येतंय. माझा चहा पाणचट असतो. माझी ती करडी टोपी तिनेच टाकून दिली होती, हरवली नव्हती. बैठकीतला सोफा तिला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. "मग घेतला कशाला?" "तुम्ही इतक्या हौसेने दाखवलात, काय बोलणार!" मी म्हणालो, "म्हणजे मी चाळीस वर्षं अडकलेला काटा वाचत होतो." ती इतकी हसली की मावशी दारातून डोकावल्या.

लेक काल आली. दोघी हळू आवाजात तासन्‌तास बोलतात. मला बाहेर काढत नाहीत. मी खुर्चीत बसतो. नुसता बसतो. हे काम मला येत नव्हतं, आता येतंय.

वहीत वेळा लिहायच्या राहून जात आहेत.

शनिवार, २३

सकाळ ३.

दुपारी लेक जेवायला गेली तेव्हा ही म्हणाली, "दुखत नाही फारसं. पण भीती वाटते."

मी तोंड उघडलं. घाबरू नकोस, सगळं ठीक होईल, असलंच काहीतरी ओठांवर होतं. पण तिने मला खरं सांगितलं होतं, आणि मी परत तिला चार देणार होतो.

"मलाही," मी म्हणालो.

"तुम्हाला कसली?"

"घराची. सकाळी उठून तू नसशील त्याची."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, दुखावली. पण म्हणाली, "हुश्श. मला वाटलं, मी एकटीच घाबरतेय." मग माझा हात गालाखाली घेऊन झोपली. हात बधिर झाला, तरी मी काढला नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही.

इतका जवळ मी तिच्या कधीच नव्हतो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. आभारच वाटतात, कुणाचे मानायचे ते कळत नाही. बाहेर काढून चपलांच्या रॅकशेजारी उभं करणाऱ्यांचे आधी.

बुधवार, २७

आज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी ही गेली. लेक एका बाजूला, मी दुसऱ्या. कालपासून शुद्धीवर कमीच होती. सिस्टर दर तासाला येऊन कपाळावरच्या आठ्या, हाताची मूठ बघत होत्या, बोलता येत नसेल तेव्हा दुखणं असं बघतात म्हणे. मूठ सैल होती. मीही बघितली.

मावशींनी हिचे केस शेवटचे विंचरले. मी बाहेर गेलो नाही.

सोमवार, १५

पुढच्या महिन्याची पंधरा. घरात सोफ्यावर बसवत नाही, म्हणून तो देऊन टाकला. लेकीने हसून, रडून गाडीत चढवला.

पुस्तिकेत लिहिलं आहे की माणूस गेल्यावर घरच्यांना एकदा फोन करावा. सिस्टरांनी तीनदा केला. जेवता का, झोपता का, कुणी येतं का, सगळं विचारतात. पहिल्यांदा 'ठीक आहे' म्हणालो. पुढच्या खेपेला खरं सांगितलं, तर त्या अर्धा तास फोनवर थांबल्या. मानकापेक्षा जास्त दिल्याची नोंद मी नोकरीत कधी केली नव्हती. इथे करतो.

आज सेंटरचा अभिप्रायाचा फॉर्म आला. असे फॉर्म मी हजारो भरले, दुसऱ्यांकडून भरूनही घेतले. पेन घेऊन बसलो. घंटेला उत्तर वेळेवर मिळालं का? हो. खोली स्वच्छ होती का? हो, उंदीर नव्हते. आपल्याशी आदराने वागलं गेलं का? हो, माझ्या लायकीपेक्षा जास्त. मावशींचं केस विंचरणं समासात लिहिलं, रकाना नव्हता तरी.

शेवटून दुसरा प्रश्न: 'शेवटच्या दिवसांत रुग्णाचं दुखणं आटोक्यात होतं का?' हो वर खूण केली.

त्याखाली: 'हे आपल्याला कसं समजलं?' आणि एक रिकामी ओळ.

तिथे बराच वेळ थांबलो. मग लिहिलं, 'तिने मला स्वतः सांगितलं.'